‘चेतागोंद’ ते ‘चेतादाह’ : एका रोगाच्या परिभाषेचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील संज्ञा ही केवळ खूणचिठ्ठी असते, वस्तू ठाऊक झाल्यावर ती तिला चिकटवावयाची एवढेच संज्ञाकाराचे काम, असा एक समज रूढ आहे. या समजात तथ्य नाही असे नव्हे. परंतु ज्या वस्तूचे ज्ञान अद्याप अपुरे आहे तिला नाव देताना संज्ञाकार नकळत एक अनुमानही त्या नावात गोवून टाकतो. पुढे अनुमान मागे पडते, नाव मात्र टिकते, आणि टिकलेले नाव पुढील पिढ्यांना कोणता प्रश्न आधी विचारावयाचा हे सुचवीत राहते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे वैद्यकातील वादांचा निवाडा करण्याचा त्याला अधिकार नाही. तथापि मेंदू व मेरुरज्जू यांतील प्रेरक चेतापेशींचा नाश करणाऱ्या एका दुर्धर रोगाची परिभाषा गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बनत गेली, हा भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेतील विषय आहे. त्या इतिहासाचा एक आलेख येथे मांडावयाचा आहे.

रोगाचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. मेंदूच्या बाह्यकातील प्रेरक पेशींपासून निघालेले तंतू मेरुरज्जूच्या पार्श्वभागातून खाली उतरतात. रज्जूच्या करड्या भागाच्या अग्रशृंगात असलेल्या दुसऱ्या प्रेरक पेशींपर्यंत ते आज्ञा पोहोचवितात, आणि या दुसऱ्या पेशी स्नायूंना हालवितात. या रोगात दोन्ही ठिकाणच्या पेशी क्रमाक्रमाने मरतात. हात, पाय, जीभ, घसा आणि शेवटी श्वसनाचे स्नायू निकामी होतात. लक्षणे दिसू लागल्यापासून बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षांत दगावतात. सुमारे दहा टक्क्यांपर्यंत रुग्णांत रोग कुळातून आलेला असतो. बाकीच्यांत असा वारसा दिसत नाही.

१. विशेष्य आणि विशेषण

१८५० साली पॅरिसमध्ये आराँ या वैद्याने क्रमशः वाढणाऱ्या स्नायुक्षयाचे अकरा रुग्ण वर्णिले. त्याच्या आणि द्युशेन यांच्या दृष्टीने हा रोग मुळात स्नायूंचाच होता, आणि नावही त्यांनी तसेच दिले : वर्धमान स्नायुक्षय. १८५३ मध्ये क्रूव्हेल्ये यांनी अशा एका रुग्णाच्या शवविच्छेदनात मेरुरज्जूची अग्रमूले झिजून बारीक झालेली दाखविली, तेव्हा रोगाचे मूळ स्नायूत नसून चेतासंस्थेत असावे असा तर्क पुढे आला. १८६९ मध्ये साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी झोफ्रोआ यांच्या सहकार्याने दोन रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांत अग्रशृंगातील पेशींचा नाश आणि पार्श्वस्तंभांचे कठिणीभवन ही दोन्ही एकत्र आढळली होती. १८७४ मध्ये शार्को यांनी या रोगाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘स्नायुपोषणाभावयुक्त पार्श्व-कठिणीभवन’ असा आहे. फ्रेंच आणि अमेरिकन वैद्यकात तेच नाव आजही चालते. अमेरिकेत सामान्यजन या रोगाला लू गेरिगचा आजार म्हणतात. या बेसबॉलपटूच्या रोगाचे निदान १९३९ मध्ये झाले आणि १९४१ मध्ये तो वारला.

शार्को यांच्या नावाची घटना व्याकरणाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात ‘कठिणीभवन’ हे विशेष्य आहे, ‘पार्श्व’ हे त्याचे स्थान आहे आणि स्नायूंचा क्षय हे केवळ विशेषण आहे. ही रचना आकस्मिक नव्हे. पार्श्वस्तंभांतील विकृती ही मूळची असून ती अग्रशृंगांकडे पसरते आणि त्यामुळे स्नायू क्षीण होतात, असे शार्को यांचे मत होते. वाक्यात जे उद्देश्य-विधेय झाले असते तेच समासात विशेष्य-विशेषण होऊन बसले. तात्पर्य, हे नाव म्हणजे एक संक्षिप्त सिद्धान्तच होता.

आता कठिणीभवन म्हणजे काय? शवविच्छेदन करणाऱ्याच्या बोटांना रज्जूचा तो भाग राठ लागतो, ही स्पर्शाची नोंद झाली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते असे की, तेथील चेतातंतू नष्ट झालेले असतात आणि रिकाम्या झालेल्या जागी तंतूंभोवतालच्या साहाय्यक पेशींनी दाट वण विणलेला असतो. म्हणजे रोगाच्या नावातील मुख्य पद ज्या पेशींच्या कृतीची नोंद करीत होते, त्या चेतापेशी नव्हत्याच; त्यांच्या शेजारच्या पेशी होत्या. परंतु त्या शेजाऱ्यांना स्वतंत्र कर्ते मानण्याची सोय त्या काळच्या परिभाषेत नव्हती. तशी ती का नव्हती, हे पाहण्यासाठी पॅरिसहून बर्लिनकडे वळले पाहिजे.

२. गोंद

चेतापेशी व तंतू यांच्यामध्ये काही आधारद्रव्य भरलेले आहे, हे रुडॉल्फ विर्खो यांनी १८४६ पासून प्रतिपादिले होते. १८५६ मध्ये त्यांनी त्याला ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले आणि १८५८ च्या बर्लिन येथील प्रसिद्ध व्याख्यानांतून ते सर्वत्र पसरले. ग्रीक ‘ग्लिया’ म्हणजे गोंद. विर्खो यांनी जर्मनमध्ये योजलेला पर्याय तर याहून घरगुती होता. त्यातील ‘किट्’ म्हणजे खिडकीच्या चौकटीत काच बसविण्यासाठी वापरतात ते लुकण. काच महत्त्वाची, लुकण तिला धरून ठेवण्यापुरते. उपमेतील हा श्रेष्ठकनिष्ठभाव नावाबरोबर आपोआप आला.

येथे विर्खो यांच्यावर अन्याय होऊ नये. मेंदूतील हाच मधला भाग विकृतीचे वारंवार स्थान होतो, म्हणून रोगविज्ञानाने त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यांनी स्वतःच त्या व्याख्यानांत बजावले होते. परंतु व्याख्यानातील सूचना विसरली जाते आणि संज्ञा लक्षात राहते. नाव गोंदाचे पडले ते पडले.

आपल्या वैद्यकीय परिभाषेत ‘ग्लिया’साठी ‘श्लेष्म’ हा शब्द सुचविला जातो. चिकटपणाच्या दृष्टीने तो बरोबर आहे. मात्र त्याचा धातू ‘श्लिष्’ असून त्याचा मूळ अर्थ आलिंगन देणे असा आहे. अलंकारशास्त्रातील ‘श्लेष’ही त्याच कुळातला. गोंद निर्जीव असतो, आलिंगन देणारा मात्र सजीव कर्ता असतो. या अर्थच्छटेचा फायदा विर्खो यांच्या ग्रीक शब्दाला नव्हता. पुढील विवेचनात या पेशींना ‘श्लेष्मपेशी’ म्हटले आहे ते हा धात्वर्थ ध्यानात ठेवूनच.

गोंद हे एकजिनसी द्रव्य नसून निरनिराळ्या पेशींचा समूह आहे हे कळण्यास रंजनाच्या नव्या पद्धतींची वाट पाहावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तारकाकृती पेशींना ‘अॅस्ट्रोसाइट’, म्हणजे तारकापेशी, हे नाव मिळाले. १९१३ मध्ये सान्तियागो रामोन ई काहाल यांनी सुवर्णाच्या क्षाराने या पेशी स्पष्ट रंगविल्या. तरीही त्यांना चेतापेशी व तारकापेशी यांखेरीज उरणाऱ्या पेशींना केवळ ‘तिसरा घटक’ म्हणावे लागले. १९१९ मध्ये माद्रिद येथे पिओ डेल रिओ-ऑर्तेगा यांनी रजत कार्बोनेटाची पद्धती वापरून या तिसऱ्या घटकातून एक स्वतंत्र जात वेगळी काढली आणि तिला ‘मायक्रोग्लिया’, सूक्ष्मश्लेष्मपेशी, असे नाव दिले. या पेशी इजा झालेल्या जागी धाव घेतात, आपले फाटे आखडून गोलाकार होतात आणि मृत द्रव्य गिळतात, हे त्यांनी दाखविले. त्या चेतासंस्थेच्या मूळ थरातून उपजत नाहीत, बाहेरून आत येतात, असेही त्यांनी प्रतिपादिले. पुढे २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी त्या गर्भाच्या पीतककोशातून अगदी आरंभीच्या काळात मेंदूत येतात हे सिद्ध झाले, आणि ऑर्तेगांच्या मताचा गाभा खरा ठरला.

तिसऱ्या घटकाच्या वादातून काहाल आणि ऑर्तेगा यांचे संबंध बिघडले आणि १९२० मध्ये ऑर्तेगांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी देश सोडला आणि १९४५ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे त्यांचा अंत झाला. ज्या पेशींचा आज सर्वत्र बोलबाला आहे त्यांचा शोधक परदेशी निर्वासित म्हणून वारला, आणि त्यानंतर बराच काळ त्या पेशींकडे थोडेच अभ्यासक वळले.

३. षष्ठी तत्पुरुष

दरम्यान दुसरी एक संज्ञा बलवत्तर झाली होती. १८९१ मध्ये वाल्डायर यांनी चेतापेशी व तिचे तंतू मिळून होणाऱ्या घटकाला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये या शब्दाचा जुना अर्थ शिरा, दोर, धनुष्याची प्रत्यंचा असा होता. संस्कृतातील ‘स्नावन्’ आणि त्याच्या जवळचा ‘स्नायु’ हे त्याचेच सगोत्र. मराठीत मात्र ‘स्नायू’ हा शब्द मांसाच्या आकुंचन पावणाऱ्या भागाकडे गेला. त्यामुळे ‘न्यूरॉन मेल्याने स्नायू झिजतो’ हे आजचे वाक्य उच्चारताना आपण एकाच प्राचीन शब्दाची दोन वंशजे कारण आणि कार्य म्हणून समोरासमोर उभी करीत असतो. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून मिळाले आणि न्यूरॉन हा चेतासंस्थेचा मूलघटक होय हा सिद्धान्त कालांतराने सर्वमान्य झाला.

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये शार्को यांच्या लांबलचक नावाऐवजी ‘प्रेरक चेतापेशींचा रोग’ हे नाव रूढ झाले. ते सुटसुटीत आहे, आणि आरंभी वेगळे मानलेले प्रकार एका छत्राखाली आणण्याचे मोठे काम त्याने केले. परंतु त्याचा विग्रह करून पाहावा. हा षष्ठी तत्पुरुष आहे : रोग कोणाचा? प्रेरक चेतापेशींचा. षष्ठीने स्वामित्व सांगितले आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला. जी पेशी मरते तिच्याच आत मरणाचे कारण असले पाहिजे, ही धारणा त्या षष्ठीत दडलेली होती.

या धारणेला १९९३ मध्ये मोठेच बळ मिळाले. कुळातून येणाऱ्या रोगाच्या काही घराण्यांत सुपरऑक्साइड डिसम्यूटेज-१ या विकराच्या जनुकात बदल सापडले, आणि पुढच्याच वर्षी तो बदललेला मानवी जनुक बाळगणारे, तोच रोग होणारे उंदीर निर्माण करण्यात आले. विकराचे काम थांबल्यामुळे नव्हे, तर बिघडलेल्या प्रथिनाला नवे विषारी गुण प्राप्त झाल्यामुळे रोग होतो, हेही लवकरच दिसून आले. कारण ज्या उंदरांतून हा जनुक काढूनच टाकला त्यांना असा पक्षाघात होत नव्हता. विषारी प्रथिन आहे, चेतापेशी मरते आहे. दोहोंची सांगड सरळ दिसत होती. केवळ एक अडचण होती. तो जनुक चेतापेशींतच नव्हे, शरीरातील बहुतेक सर्व पेशींत कार्य करतो.

४. शेजाऱ्यांचा भाग

शेजारच्या पेशींविषयीचा संशय यापूर्वीच उत्पन्न झाला होता. ग्लुटामेट हे संदेशवाहक द्रव्य चेतापेशींभोवती साचून राहिले तर त्यांना मारक होते. ते वेळीच शोषून घेण्याचे काम मुख्यतः तारकापेशी करतात. १९९२ मध्ये या रोगाच्या रुग्णांच्या मेरुरज्जूत हे शोषण मंदावलेले आढळले आणि १९९५ मध्ये त्याचे कारण म्हणून तारकापेशींवरील वाहक प्रथिनाची उणीव दाखविण्यात आली. ग्लुटामेटाला आवर घालणारे रिल्युझोल हे औषध त्याच वर्षी अमेरिकेत संमत झाले. त्याने आयुष्य सरासरी काही महिन्यांनीच वाढते. तरीही या रोगावरील ते पहिले औषध होय.

१९९२ मध्येच कॅनडातील पॅट्रिक मॅकगीर यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूत व मेरुरज्जूत उत्तेजित सूक्ष्मश्लेष्मपेशी दाखविल्या. तरी प्रश्न राहिलाच : या पेशी रोग घडवितात, की रोग घडून गेल्यावर राडारोडा उचलण्यास येतात? याचा निर्णय केवळ मृत ऊतकाच्या निरीक्षणाने होणे शक्य नव्हते. त्यासाठी बिघडलेला जनुक एका जातीच्या पेशींत ठेवून दुसऱ्या जातीच्या पेशींतून काढता यावयास हवा होता.

२००३ मध्ये अमेरिकेत डॉन क्लीव्हलँड व सहकाऱ्यांनी निरोगी आणि बिघडलेल्या पेशींचे मिश्रण असलेले उंदीर तयार केले. निरोगी शेजार लाभलेल्या बिघडलेल्या चेतापेशी अधिक काळ तगल्या, उलट बिघडलेल्या शेजारात राहणाऱ्या निरोगी चेतापेशींत विकृतीची चिन्हे उमटली. २००६ मध्ये याच गटाने आणखी काटेकोर प्रयोग केला. बिघडलेले प्रथिन प्रेरक चेतापेशींत कमी केले असता रोगाचा आरंभ लांबला. ते सूक्ष्मश्लेष्मपेशींत कमी केले असता आरंभ जवळजवळ पूर्वीच्याच वेळी झाला. पण त्यानंतरची, विशेषतः उत्तरकालातील, वाढ मंदावली. २००७ मध्ये बिघडलेल्या तारकापेशींच्या सान्निध्यात प्रेरक चेतापेशी संवर्धनपात्रातही मरतात असे दिसले. अर्थात ‘रोग कोणाचा’ या एका षष्ठीच्या जागी आता दोन प्रश्न उभे राहिले : आरंभ कोणापासून, आणि वाढ कोणामुळे? शार्को यांच्या नावातील राठ वण विणणाऱ्या पेशींना सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर कर्तृपद मिळाले ते असे.

या निष्कर्षाची मर्यादाही सांगणे अवश्य आहे. वरील प्रयोग मुख्यतः एका जनुकाच्या उंदरांवर झाले आणि त्या जनुकातील बदल थोड्याच रुग्णांत असतो. २००६ मध्येच असे आढळले की, बहुसंख्य रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रकातून निघून पेशिद्रवात गोळा होते. आरएनएच्या जुळणीवर देखरेख करणारे हे प्रथिन केंद्रकातून नाहीसे झाले की अनेक संदेश विपरीत जुळले जातात. हे प्रथिन प्रथम १९९५ मध्ये एड्सच्या विषाणूच्या संशोधनात सापडले, म्हणून त्याचे नाव त्या विषाणूतील एका खंडावरून पडले. ‘४३’ हा केवळ त्याच्या रेणुभाराचा आकडा. २०११ मध्ये सापडलेल्या सी९ओआरएफ७२ या जनुकाचे नाव तर निव्वळ पत्ता आहे : नववे गुणसूत्र, वाचनचौकट बहात्तरावी. पत्त्यासारखे नाव नीरस असते, पण त्याचा एक गुण असा की ते कोणतेच अनुमान लादीत नाही. २०१६ मध्ये हा जनुक नसलेल्या उंदरांच्या सूक्ष्मश्लेष्मपेशींचे कार्य बिघडते असे दिसून आले. या जनुकाच्या नावातच ‘न्यूरॉन’ असता तर ही परीक्षा इतक्या सहज कोणास सुचली असती काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

५. दाह

श्लेष्मपेशींना कर्तृत्व मिळाले खरे. परंतु त्यांच्या कृतीला जे सामूहिक नाव मिळाले त्यानेही आपले अनुमान बरोबर आणले. ते नाव ‘न्यूरोइन्फ्लमेशन’, चेतादाह. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. प्रस्तुत रोगात ऊतकाला ना लाली येते, ना ते सुजते. रक्तातून आलेल्या काही टी-पेशी आढळतात. पण विषाणुजन्य मस्तिष्कदाहात येतो तसा त्यांचा लोंढा नसतो. म्हणजे मूळ लक्षणे गळून नाव तेवढे उरले. हा शुद्ध लाक्षणिक प्रयोग होय. शिवाय समासाचा विग्रहही संदिग्ध आहे. चेतासंस्थेत होणारा दाह, चेतापेशींना पोळणारा दाह, की चेतापेशींनी चेतविलेला दाह? मराठीतील ‘शोथ’ हा पर्याय घेतला तर सूज येते, ‘दाह’ घेतला तर आग येते. दोहोंपैकी काहीही घेतले तरी ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो एकच : हे शमविले पाहिजे.

या विचाराची किंमत रुग्णांना मोजावी लागली. मिनोसायक्लीन हे जुने प्रतिजैविक सूक्ष्मश्लेष्मपेशींची उत्तेजना कमी करते आणि २००२ मध्ये या रोगाच्या उंदरांना त्याचा लाभ झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावरून अमेरिकेत ४१२ रुग्णांवर त्याची परीक्षा घेण्यात आली. २००७ मध्ये निष्पन्न जाहीर झाले, तेव्हा औषध घेणाऱ्यांची कार्यशक्ती नुसते दिखाऊ औषध घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने घटली असे आढळले. श्लेष्मपेशींचे दमन हेच या हानीचे कारण होते, असे यावरून सिद्ध होत नाही. उंदरास मानवणारे माणसास मानवेलच असे नाही, हा धडाही त्यात आहे. परंतु ‘दाह आहे, म्हणून दाहशामक द्यावे’ हे अनुमान शब्दाच्या जोरावर जितके निर्विवाद वाटत होते तितके ते नव्हते, एवढे खास. २०१८ मध्ये टीडीपी-४३ च्या उंदरांवरील प्रयोगाने याची दुसरी बाजू दाखविली. रोगकारक प्रथिनाची निर्मिती थांबविल्यावर सूक्ष्मश्लेष्मपेशींनी साचलेले प्रथिन गिळून चेतापेशी सावरण्यास मदत केली आणि त्या पेशींना अडविले असता प्राण्यांची सुधारणा खुंटली. ज्या पेशी एका अवस्थेत मारक, त्याच दुसऱ्या अवस्थेत तारक.

या पेशींच्या अवस्थांना दिलेली नावेही टिकली नाहीत. इजा नसताना त्या ‘विश्रांत’ असतात असे पाठ्यपुस्तके सांगत. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत त्यांचे फाटे सतत हलत, भोवतालचा परिसर चाचपीत असल्याचे प्रत्यक्ष दिसले. पाहाऱ्यावर असलेल्याला आपण झोपलेला म्हणत होतो. पुढे ‘एम-१’ आणि ‘एम-२’, तारकापेशींच्या बाबतीत ‘ए-१’ आणि ‘ए-२’, अशी घातक व उपकारक जोडनावे आली. २०२१ मध्ये तारकापेशींच्या आणि २०२२ मध्ये सूक्ष्मश्लेष्मपेशींच्या अभ्यासकांनी मोठ्या संख्येने एकत्र येऊन अशी द्विदल नावे सोडून द्यावीत, पेशीची अवस्था प्रसंग, स्थान व कार्य सांगून वर्णावी, अशी शिफारस केली. जीवशास्त्रज्ञांनी संज्ञांच्या शुद्धीसाठी असे निवेदन काढावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने अवश्य नोंदवावी.

६. निष्कर्ष

नावांनीच संशोधन अडवून धरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रजत कार्बोनेटाशिवाय ऑर्तेगांना पेशी दिसल्या नसत्या, आणि जनुक हव्या त्या पेशीतून काढण्याची युक्ती साधेपर्यंत २००६ चा प्रयोग कोणालाच करता आला नसता. साधनांची उणीव हेच विलंबाचे मुख्य कारण होय. नावाचे सामर्थ्य याहून सूक्ष्म आहे. हाती असलेले साधन प्रथम कोठे रोखावयाचे, कोणत्या पेशीला कर्ता मानावयाचे आणि कोणतीला अधिकरण, हे ते ठरविते. ‘गोंदा’ने श्लेष्मपेशींना अधिकरणात बसविले, षष्ठी तत्पुरुषाने रोगाचे स्वामित्व एकट्या चेतापेशीला दिले, ‘दाहा’ने कर्ता बदलला, पण त्या कर्त्यावर आरोपपत्रही ठेवले.

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप घट्ट झालेली नाही. ही उणीव तशीच संधीही आहे. परक्या संज्ञेचे पदशः रूपांतर करताना तिच्यातील जुने अनुमानही आपण आयात करतो, आणि ज्या देशात ते अनुमान मोडीत निघाले तेथील अभ्यासकाला निदान त्याचा इतिहास ठाऊक असतो. आपल्या विद्यार्थ्याला तोही नसतो. म्हणून संज्ञा ठरविताना तिचा विग्रह करून पाहावा, तिच्यातील कर्ता कोण आणि कर्म कोणते हे विचारावे, आणि जेथे ज्ञान अपुरे आहे तेथे कारण सांगणाऱ्या नावापेक्षा नुसता पत्ता सांगणारे नाव पत्करावे. ज्या रोगात निदानापासून अखेरीपर्यंत रुग्णाच्या हाती फार थोडी वर्षे असतात, त्या रोगाच्या बाबतीत चुकीच्या दिशेने गेलेला काळ केवळ अभ्यासकांच्या हिशेबात जमा होत नाही.